शुचीचे व्रत

फाल्गुन शुद्ध तृतीयेच्या पहाटे स्नान आटोपून मी देवघरापुढच्या आसनावर बसलो आणि बसताक्षणीच उठलो. आसन ओले होते. तांब्या कलंडला असेल असे वाटून मी हात लावला, हात नाकाशी नेला, आणि काय झाले आहे ते कळले. शुची खिडकीच्या चौकटीत बसली होती. एरवी मी आसनस्थ झालो की ती खाली उतरे, माझ्या डाव्या गुडघ्याला पाठ टेकून बसे आणि माझे पठण संपेपर्यंत डोळे उघडत नसे. त्या पहाटे ती उतरली नाही. माझ्याकडे एकदा पाहून तिने तोंड फिरवले.

शुची म्हणजे आमची मांजर. अंगाने राखी, पाठीवर काळसर पट्टे, आणि चारही पावले पांढरी, जणू दुधात बुडवून काढलेली. चार वर्षांपूर्वी नाशिकरोडच्या आमच्या सोसायटीत पाण्याच्या मीटरच्या पेटीत ती मला सापडली, तेव्हा माझ्या तळहातात मावत होती. मी तिला घरात आणले, तर माझी पत्नी चंद्रभागा दारातच आडवी उभी राहिली.

"अहो, मांजराची जात ती. आपल्याकडे खाणार काय? श्लोक?"

"आपण खातो तेच खाईल," मी म्हणालो.

"आणि घरभर घाण करील ती कोण काढील?"

तेव्हा मी देवघराकडे पाहून शब्द दिला. "या घरात तिने एकदा जरी घाण केली, तरी मी स्वतःच्या हाताने तिला बाहेर नेऊन सोडीन."

तो शब्द मी सहज दिला नव्हता. माझा जन्म दिंडोरी तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरचा. आमच्याकडे सणावाराला बोकड कापला जाई. सोळाव्या वर्षी पंचवटीतल्या पाठशाळेच्या पायरीवर मी तीन दिवस बसून राहिलो, तेव्हा गुरुजींनी मला आत घेतले आणि एकच अट घातली: या विद्येला बसायचे असेल तर जिभेवर मांस येता कामा नये. मी त्या क्षणी ते सोडले. आज चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे, त्या अटीला बाध आलेला नाही. लग्न होऊन चंद्रभागा या घरात आली आणि घराचा नियम तोच तिचा नियम झाला. आमच्या उंबऱ्याच्या आत आजवर अंडेसुद्धा आलेले नाही. गुरुजी म्हणत, स्वभाव म्हणजे ओली माती, संस्कार म्हणजे कुंभाराचा हात. त्या वाक्यावर मी सदतीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवले. ते खरे आहे याचे जिवंत प्रमाण मला म्हातारपणी त्या मीटरच्या पेटीत मिळाले, असे मला वाटले.

म्हणून मी तिचे नाव शुची ठेवले. न्हाणीघराच्या कोपऱ्यात एक उथळ लाकडी पेटी मांडली. नदीची बारीक रेती आणून, चाळणीने चाळून, उन्हात वाळवून तिच्यात घातली. दोन दिवसांत ती पेटीचा उपयोग शिकली. सकाळी आणि संध्याकाळी मी स्वतः ती पेटी साफ करी. देवाची भांडी घासणारे हात तेच काम करतात याचे मला वैषम्य वाटले नाही. तिच्या आहाराचेही तसेच. सकाळी दूध, दुपारी तूपभात, रात्री दुधात कुस्करलेली पोळी. वाघाची मावशी, पण उंदराच्या मागे धावलेली मी पाहिली नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला मी तिचे व्रत कौतुकाने सांगे. गेल्या वर्षी ज्येष्ठ नागरिक संघात माझे व्याख्यान झाले, त्याचा समारोपही मी शुचीच्याच उदाहरणाने केला. "जुन्या कथांतले मांजर तपस्व्याचे सोंग घेते," मी म्हणालो होतो, "आमच्या घरी मात्र सोंग नाही. तिथे खरे तप आहे." सभा हसली, मग टाळ्या पडल्या. चंद्रभागा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

अशी ती शुची, आणि असे ते ओले आसन.

पहिल्या दिवशी मी क्षमा केली. चंद्रभागेने आसन उचलले आणि धुवायला नेले. आठ दिवसांनी खुर्चीवर घडी घालून ठेवलेले माझे उपरणे ओले झाले. त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी काही ना काही. उशी, कपाटाच्या तळाशी ठेवलेली पिशवी, पुन्हा आसन. प्रत्येक वेळी वस्तू माझी. चंद्रभागेच्या पातळाला, तिच्या पांघरुणाला तिने कधी स्पर्श केला नाही. हे माझ्या ध्यानात आले आणि मनात रुतून बसले.

वरच्या मजल्यावरचे प्रफुल्ल एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला आहेत. जिन्यात भेटले की थांबून बोलणारे गृहस्थ. मी त्यांना विचारले.

"शास्त्रीबुवा, पेटी घाण राहत असेल."

"दोनदा साफ होते."

"मग रेती बदलली असेल."

"तीच नदी, तीच चाळण."

"जागा हलवली?"

"चार वर्षे तोच कोपरा."

"बाहेर एखादा बोका फिरत असेल. त्याला दाखवायला मांजरं अशी हद्द आखतात म्हणे."

"महिनाभर मी पाहतो आहे. बोका नाही."

प्रफुल्लांनी हसून हात जोडले. "मग राग धरला असेल तुमच्यावर. एवढा जप ऐकून माणूस कंटाळतो, ते तर मांजर!"

ते विनोदाने बोलले, पण मी तो विनोद घेऊन घरी आलो. मुलांना अनुमान शिकवताना मी नेहमी सांगत असे की धूर दिसला तर अग्नी असलाच पाहिजे, आणि संभाव्य कारणे एकेक करून वगळत गेले की जे उरते तेच कारण. मी पेटी वगळली. रेती वगळली, जागा वगळली, बोका वगळला. उरली ती कृतघ्नता. ज्या हाताने तिला वाढवले, त्याच हाताच्या वस्तू ती निवडून विटाळत होती. दुसरा हेतू मला दिसेना, आणि न दिसणे म्हणजे नसणे अशी माझी समजूत झाली.

मी तिच्याशी बोलणे सोडले. दूध ठेवी, पेटी साफ करी, पण हाक मारत नसे. ती खाणे अर्धे टाकू लागली. मला तेही रुसवेच वाटले.

चैत्रात एका सकाळी कपाट उघडे राहिले. अध्ययन संपले त्या दिवशी गुरुजींनी मला एक शाल दिली होती. पांढरी लोकरीची, कडेला बारीक तपकिरी रेघ. ती मी वर्षातून एकदाच, गुरुपौर्णिमेला, खांद्यावर घेत असे. दुपारी पाहतो तो शाल खाली ओढलेली, आणि तिच्या मधोमध ओला डाग. शुची तिथेच पाय अवघडून उभी होती. मला पाहून ती पळाली नाही. उलट दोन पावले माझ्याकडे आली आणि लांब स्वर काढून ओरडली. मला तो उद्धटपणा वाटला.

त्याच संध्याकाळी मी केरूला फोन केला. केरू माझा पुतण्या. दिंडोरीजवळ त्याची द्राक्षबाग आहे.

"तात्या, आणा की मांजर," तो म्हणाला. "शेडमध्ये उंदरांनी लय उच्छाद मांडलाय. पोतीच्या पोती कुरतडतात."

"ती उंदीर खात नाही."

केरू पलीकडे खाकरला. मग म्हणाला, "बरं. शिकंल."

चंद्रभागा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. मी फोन ठेवून म्हणालो, "मी शब्द दिला होता." ती "हो" म्हणाली आणि आत गेली. इतकेच. तिने मला अडवले नाही, याचा मला आधार वाटला. संकटात मुकाट्याने पाठीशी उभी राहणारी सहधर्मचारिणी लाभणे हे भाग्यच, असे त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या माझ्या मनात आले. ते मी इथे लपवीत नाही.

रविवारी केरू पिकअप घेऊन आला. येताना हंगामातली शेवटची द्राक्षे एका प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये आणली होती. द्राक्षे काढून घेतली, क्रेटच्या तळाशी जुने पोते अंथरले, आणि मी माझ्या हाताने शुचीला उचलून आत ठेवले. वर दुसरा क्रेट उपडा घालून केरूने सुतळीने बांधला. शुचीने विरोध केला नाही. क्रेटच्या जाळीतून ती माझ्याकडे पाहत होती. मी नजर वळवली.

केरूने क्रेट उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"तात्या, हिकडं बघा."

शुची पोत्यावर दबून बसली होती. शेपूट उचललेली, पाठ कमानीसारखी, सारे अंग थरथरत होते. बराच वेळ ती तशीच होती. मग पोत्यावर दोन थेंब पडले. फिकट तांबूस.

"हे रक्त हाय," केरू म्हणाला. "हिला कळा येतायत. आमच्या बैलाला मागं असंच झालं होतं, मुतखडा. बिचारा जागेवर पाय आपटायचा. हिला बागंत नेऊन काय करू? मरंल ती वाटंत."

 चंद्रभागा मागून आली, पायात चप्पल घालत म्हणाली, "दवाखान्यात चला." आणि क्रेट मांडीवर घेऊन ती पिकअपमध्ये जाऊन बसलीसुद्धा.

प्राण्यांचा दवाखाना जवळच होता. डॉक्टर वेदिका नावाची तरुण मुलगी. माझ्या शेवटच्या वर्गातल्या मुलींच्या वयाची असेल. तिने शुचीचे पोट हलक्या बोटांनी चाचपले, लघवीचे थेंब काचेच्या पट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, आणि मग आमच्याकडे वळली.

"पिशवीला सूज आहे, काका. लघवीत कणी धरलीय, खड्यांची. कधीपासून बाहेर करतेय?"

"फाल्गुनापासून," मी म्हणालो. "पेटी स्वच्छ असते. तरी माझ्या वस्तू निवडून..."

"काय काय?"

"आसन. उपरणे. उशी. माझ्या गुरुजींची शाल."

ती हसली नाही. शुचीच्या कपाळावर तिचा हात तसाच होता. "बघा, पेटीत बसली की हिला कळ येते. खडा म्हणजे काय हे तिला कळत नाही. तिला वाटतं, ही पेटीच दुखवते. म्हणून ती पेटी टाळते. मग मऊ, गार, ओळखीच्या वासाची जागा शोधते. जिथं भीती वाटत नाही अशी."

"ओळखीच्या वासाची," मी पुन्हा उच्चारले.

"तुमच्या, काका. सूड नाही हो हा. जनावर सूड घेत नाही."

मला शालीवरून माझ्याकडे आलेली दोन पावले आठवली, आणि तो लांब स्वर.

"आता खाण्याचं सांगा," तिने लिहायला घेतले.

इथे मी ताठ झालो. लाज झाकायला माणसाला काहीतरी लागते. "दूध, तूपभात, पोळी. चार वर्षांत मांसाचा कण तिच्या पोटात गेलेला नाही."

तिने पेन खाली ठेवले. "असं होणार नाही."

"मी स्वतः खाऊ घालतो."

"तुम्ही घालत असाल, काका. पण मांजर मांसावरच जगतं. नुसत्या दूधभातावर चार वर्षं काढली असती तर हिचे डोळे गेले असते, काळीज थकलं असतं. हिचे डोळे स्वच्छ आहेत, दात चांगलेत, हाडापेरानं मजबूत आहे. उतरलीय ती हल्लीच, दोन-तीन महिन्यांत. खडे त्यातूनच आले असावेत. हिला कुणीतरी व्यवस्थित खायला घालत होतं आणि ते अचानक बंद झालं."

"आमच्या घरी ते कोण घालणार?" मी विचारले. केरूकडे पाहिले. तो भिंतीवरच्या कुत्र्यांच्या तक्त्याकडे पाहत होता.

"संक्रांतीपर्यंत," चंद्रभागा म्हणाली.

ती शुचीला धरून उभी होती. तिने मान वर केली नाही.

"शकुबाई मालेगावला लेकीच्या बाळंतपणाला गेली, तोवर. रोज संध्याकाळी कोंबडीचे चार-पाच तुकडे. उकडलेले. मीठ न घालता."

"मीठ न घालता? एकदम बरोबर केलंत, काकू," डॉक्टरीण म्हणाली. "तुमच्यामुळंच टिकली ही."

शकुबाई आमच्या मागच्या गल्लीत राहते. वयाने चंद्रभागेएवढी, विधवा, बोलायला मोकळी. माझी पत्नी रोज संध्याकाळी पाय मोकळे करायला बाहेर पडे आणि शुची तिच्या मागोमाग कुंपणापर्यंत जाई, हे मी चार वर्षे खिडकीतून पाहत आलो होतो. कधीकधी मला त्या दृश्याने भरून येत असे.

 परतताना पिकअपमध्ये केरू म्हणाला, "चला, म्हंजे उंदीर मलाच मारावे लागणार," आणि आरशात माझा चेहरा पाहून त्याने गिअर बदलला. आम्हाला दारात उतरवून तो चहासुद्धा न घेता निघून गेला.

शुचीला औषध पाजून चंद्रभागेने टोपलीत निजवले. मी खुर्चीवर बसलो होतो. माझ्या मनात एक प्रश्न दवाखान्यापासून उभा होता आणि तो विचारू नये असेही वाटत होते. शेवटी विचारला.

"ते तुकडे मांजरीपुरतेच होते?"

ती टोपलीपाशी जमिनीवर बसली. पदराच्या टोकाची बारीक वळी करीत राहिली.

"बुधवारी नाही," ती म्हणाली.

बुधवार. दर बुधवारी दुपारी ती शकुबाईकडे स्तोत्रपठणाला जाई. अकरा वर्षे. तिची नजर अधू होऊ लागली तेव्हा मी तिच्यासाठी एक वही लिहून दिली होती. माझ्या हस्ताक्षरात, टपोऱ्या अक्षरांत, संधी सोडवून, जिथे श्वास घ्यायचा तिथे तांबडी खूण करून. ती वही छातीशी धरून ती जात असे. मी उठून फडताळातून वही काढली. पाने पांढरीशुभ्र होती. एकही कोपरा दुमडलेला नव्हता, एकाही पानावर बोटाचा ठसा नव्हता. सदतीस वर्षे मी मुलांच्या वह्या नुसत्या हातात घेऊन सांगत असे की कोणी अभ्यास केला आणि कोणी नाही. ही वही मी अकरा वर्षांत एकदाही उघडून पाहिली नव्हती.

"कोंबडी?" मी विचारले.

"मासे. शकुबाई छान करते. कोंबडी सुचीपुरती." ती शुचीला नेहमी सुची म्हणे. "उंबऱ्याच्या आत कधी काही आणलं नाही. तोंड धुऊन, लवंग चावून येत होते. तुमचा नियम मी मोडला नाही."

"माझा नियम?"

ती एकदम हसली. त्या हसण्यात आनंद नव्हता. "माले कोन इचारस?" ती म्हणाली. तिच्या माहेरची, मालेगावकडची ती बोली मी कितीतरी वर्षांनी तिच्या तोंडून ऐकली. मग माझ्यासाठी तिने ते पुन्हा सांगितले, सावकाश, जणू मी परगावचा होतो. "मला कोणी विचारलं होतं का? माझ्या माहेरी नदी दाराशी होती, अहो. लग्न ठरलं तेव्हा तुमच्या वडिलांनी सांगितलं, पोरगा शास्त्री आहे, सोडावं लागेल. माझ्या वडिलांनी हो म्हटलं. छत्तीस वर्षं सोडलं. मग एक दिवस शकुबाईकडे वास आला, आणि रडू आलं मला. तिनं न विचारता ताट वाढलं."

 गुरुजींच्या पायरीवर तीन दिवस बसून मी ते व्रत मागून घेतले होते. माझ्या घरात राहणाऱ्या दोघींना ते कोणीच देऊ केले नव्हते. ते त्यांच्यावर येऊन पडले होते. हे मला आज लिहिताना कळते. त्या दुपारी मला एवढेच कळत होते की मी सभेत ज्या तपाची ग्वाही दिली, ते तप कुंपणापलीकडे रोज मोडत होते, आणि ग्वाही ऐकून टाळी वाजवणारे हात तेच होते.

"मासे मी सोसले असते," मी म्हणालो, आणि तेव्हा मला ते खरे वाटले. "पण हे सांग. मांजरीचे दुखणे कशाने आहे, ते तुला कधी कळले?"

"दुखणं आहे हे नाही कळलं. खाणं तुटलं म्हणून बिघडलीय, असं उपरण्याच्या वेळी वाटलं."

"आणि मी केरूला फोन केला तेव्हा?"

"तेव्हा नुसतं वाटत नव्हतं, ठाऊकच होतं."

"तरी तू हो म्हणालीस."

तिने शुचीच्या पाठीवरून हात फिरवला. "म्हणाले. केरूकडे तिला उंदीर मिळाले असते, ती बरी झाली असती. माझंही झाकलं असतं. आणि तुमचं व्याख्यानही."

"क्रेटमध्ये मी तिला माझ्या हाताने ठेवले, चंद्रभागा."

"मग मी काय करायचं होतं? खरं सांगितलं असतं, तर दुसरा क्रेट माझ्यासाठी आणवला असता ना केरूकडून?"

  त्या मुक्या जिवाने दुखणे सांगायला माझी शाल शोधली. जिला शब्द येत होते तिने ते गिळले. आणि मी दोघींच्या मधोमध बसून अनुमान करीत होतो. त्या रात्री मी जेवलो नाही. चंद्रभागेनेही आग्रह केला नाही.

डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते की पहिले काही दिवस औषधाबरोबर उकडलेली कोंबडी, भरपूर पाणी, आणि पेटी नवी हवी, नव्या जागी. जुन्या पेटीत तिच्या मनातली कळ राहिलेली असते. दुसऱ्या दिवशी मी पिशवी घेऊन कोंबडीच्या दुकानात गेलो. आयुष्यात प्रथमच. धोतर सावरून फळीपासून दोन हात लांब उभा राहिलो.

"किती देऊ, बाबा? हाडासकट का बिनहाडाचं?" दुकानदाराने विचारले.

मला ठाऊक नव्हते. "मांजरीसाठी हवे आहे," मी म्हणालो.

त्याने माझ्या कपाळावरच्या गंधाकडे पाहिले आणि समजूतदारपणे मान हलवली. "सगळे हेच सांगतात, बाबा. काळ्या पिशवीत देतो."

मागच्या ओट्यावर वेगळी शेगडी मांडली, वेगळे पातेले आणले. उंबरा तेवढा राखला. चंद्रभागा मांस उकडी, हाडे काढी, मी पाण्याची वाटी भरून ठेवी. आमच्यात कामापुरते शब्द होत. जुनी लाकडी पेटी मी ओट्याखाली सारली आणि प्लॅस्टिकची रुंद नवी पेटी खिडकीखाली ठेवली. नवी रेती चाळून तिच्यात घातली. शुची पेटीकडे फिरकेना. अकराव्या दिवशी पहाटे रेती उकरल्याचा आवाज आला. मी जागच्या जागी उभा राहून हात जोडले. कोणाला, ते मला सांगता येणार नाही.

शाल मी तीनदा धुतली. डाग गेला. वास पूर्ण गेला नाही.

संघाच्या पुढच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि म्हणालो की गेल्या वर्षी शुचीच्या व्रताचे जे उदाहरण मी दिले होते, ते असत्य ठरले आहे, ते मी परत घेतो. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "म्हणजे मांजरानं उंदीर मारला का, शास्त्रीबुवा?" सगळे हसले. असत्य कोणाचे, ते मी सांगितले नाही. चंद्रभागा पहिल्या रांगेत होती. तिचे हात मांडीवर होते.

वैशाखात शकुबाई मालेगावहून परतली. त्यानंतरच्या बुधवारी दुपारी तीनच्या सुमारास चंद्रभागेने केस विंचरले, स्वच्छ पातळ नेसले आणि सवयीने फडताळाशी जाऊन वही उचलली. मी खुर्चीवर होतो. ती दारापर्यंत गेली.

"वही ठेवून जा," मी म्हणालो.

ती वळली. तिच्या चेहऱ्यावर भीती होती. ती भीती माझी होती, हे सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात मी प्रथमच पाहिले.

"मग काय सांगून जाऊ?" तिने विचारले.

"जे असेल ते."

ती उंबऱ्यापासून परत आत आली. मग तिने वही देवघराच्या फळीवर ठेवली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "शकुबाईकडे जेवायला जाते."

"जा," मी म्हणालो. माझा स्वर कोरडा होता. तो गोड करणे मला त्या दिवशी जमले नाही.

शुची तिच्या मागोमाग कुंपणापर्यंत गेली आणि परत आली. मी आसनावर बसलो होतो. ती नव्या पेटीत उतरली, रेती उकरली, नीट झाकली. मग उडी मारून खिडकीच्या चौकटीत जाऊन बसली. मी पठण सुरू केले. पहिल्या ओळीवर थांबून मी तिला हाक मारली, कितीतरी दिवसांनी. तिने कान वळवला. खाली ती आली नाही.